प्रतिसाद: मोहरी आणि पिवळा धोत्रा

चक्रीफुलाच्या नावाखाली त्याचाच विषारी जपानी भाऊबंद विकला जाण्याचा जो धोका मसाल्यांतील भेसळीवरील मूळ लेखात मांडला आहे, तो खराच आहे. परंतु आपल्या दृष्टीने त्याहून जवळचे उदाहरण मोहरीचे आहे. रस्त्याकडेला आणि पडीक रानात उगवणारा, काटेरी पानांचा पिवळा धोत्रा (नावात धोत्रा असला तरी ही वनस्पती अफूच्या कुळातील आहे) उत्तरेकडे मोहरीच्या शेतातही तण म्हणून वाढतो, आणि त्याचे काळसर, गोल, बारीक बी मोहरीत सहज मिसळून जाते. पांढऱ्या कागदावर दोन्ही पसरून भिंगाखाली पाहिल्यास मोहरीचा दाणा बऱ्यापैकी गुळगुळीत दिसतो, तर धोत्र्याच्या दाण्यावर जाळीदार खाचा आणि एका बाजूला लहानसे टोक आढळते.

फोडणीत चुकून पडलेल्या चार दाण्यांपेक्षा मला अधिक भीती वाटते ती असे बी मिसळलेल्या मोहरीच्या तेलाची, कारण घाण्यातून बाहेर पडल्यावर भिंगाचा काही उपयोग उरत नाही. पिवळ्या धोत्र्याच्या तेलातील सँग्विनरिन या विषारी द्रव्यामुळे केशवाहिन्या (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या) प्रसरण पावून त्यांतून द्रव पाझरू लागतो, पायांवर सूज चढते, धाप लागते आणि हृदय निकामी होण्यापर्यंत वेळ येते. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीने 60 हून अधिक माणसे दगावली होती. तेलाच्या नमुन्यात तीव्र नायट्रिक आम्ल घालून हलवल्यावर आम्लाच्या थराला नारिंगी-तांबूस रंग आला, तर संशयाला जागा आहे; मात्र ही चाचणी प्रयोगशाळेतच करावी, स्वयंपाकघरात नव्हे.