दमवलं म्हणजे वेग वाढला का?

चवडा:
काल शिट्टीवाला यांनी त्यांच्या धाग्यात लिहिलं की वेग जन्मजात असतो, मैदानी खेळात कुणी सरळ शंभर मीटर पळत नाही, सबब ट्रॅकवाल्यांचं शास्त्र आपल्या काय कामाचं? जमिनीवर अंथरलेल्या दोरीच्या शिडीवर पाय चालवायला लावा, सरावाच्या शेवटी 100 मीटरच्या दहा फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, वेग आपोआप येतो. तिथेच दोन ओळी खरडणार होतो. रात्री झोप लागेना, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, अर्ध्या मिनिटात कुठला गडी सावरतो? पहिली फेरी पोरगं जीव तोडून पळतं. चौथीला खांदे कानाला टेकलेले, पाऊल शरीराच्या पार पुढे पडतंय, म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक. दहाव्या फेरीला ते हळू पळायचा सराव करत असतं, तोही मन लावून. दमसास वाढेल, नाही म्हणत नाही. पण त्याला वेगाचा सराव म्हणू नका.

बर्लिन, 2009. बोल्टने 60 ते 80 मीटर 1.61 सेकंदांत काढले आणि शेवटचे वीस 1.66 मध्ये. विश्वविक्रमाच्या शर्यतीत, ताज्या पायांनी, तोही शेवटी मंदावला. आणि आपली पोरं दहाव्या फेरीत वेगवान होणार?

ट्रॅकवरचा ढोबळ हिशेब असा: जोर लावून पळलेल्या दर दहा मीटरमागे एक मिनिट विश्रांती. तीस मीटर पळालात, तीन मिनिटं थांबा. हे वॉर्मअप झाल्या झाल्या, शेवटी नाही. चार-पाच धावा, आणि वेळ घसरली की दुकान बंद. यात पोरांची अडचण नसतेच, प्रशिक्षकाची असते. पोरं नुसती उभी दिसली की त्याला आपण फुकट पगार घेतोय असं वाटतं.

राहिली शिडी. धावण्यावर संशोधन करणारे पीटर वेयंड आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मोजून दाखवलंय की कमाल वेगाला पाय हवेतून पुढे आणायला वेगवान आणि संथ धावणाऱ्यांना जवळपास सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो जमिनीवर किती जोर लागतो त्याने. शिडीत पाय भराभर उचलले जातात, जमीन ढकलायची राहूनच जाते.

शिट्टीवाला:
वाचलं. वीस वर्षं शिट्टी फुंकतोय, त्यामुळे झोप उडाली नाही.

माझ्याकडे एक ट्रॅकवाला आला होता. शंभर मीटरला आसपास कुणी त्याच्या जवळ नव्हतं. फुटबॉलमध्ये दर वेळी चेंडू निघून गेल्यावर तिथे पोहोचायचा, अगदी वेगात. आमच्याकडे पहिले पाच मीटर आणि डोळे लागतात. डीके मेटकाफचं काय झालं? एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, भल्याभल्यांना मागून गाठणारा गडी, 2021 मध्ये ट्रॅकवर 100 मीटर 10.37 मध्ये पळाला आणि आपल्या हीटमध्ये शेवटचा आला. म्हणजे दोन्ही वेग वेगळे, हेच मी म्हणत होतो.

आणि शिडीला नावं ठेवू नका. माझा आत्ताचा विंगर त्याच शिडीवर तयार झालाय, 30 मीटर 3.7.

सेकंदकाटा:
3.7? कशावर मोजलं?

शिट्टीवाला:
स्टॉपवॉचवर. माझ्या अंगठ्यावर विश्वास आहे माझा.

सेकंदकाटा:
बर्लिनला बोल्टचे पहिले तीस मीटर 3.78 होते. बंदुकीपासून हलेपर्यंतचे 0.146 वजा केले तरी 3.63 च्या आसपास. म्हणजे तुमचा विंगर, पाय रोवायला स्टार्टिंग ब्लॉक नाही, खिळ्यांचे स्पाइक्स नाहीत, गवतावर उभ्या-उभ्या निघून बोल्टच्या सात शतांशांपर्यंत येतो. पोराला मैदानावर ठेवू नका, लॉकरमध्ये ठेवा.

हा माझा जुना दुखरा कोपरा आहे, माफ करा. हाताने घेतलेली वेळ कमी येते, कारण सुरुवातीला अंगठा उशिरा दबतो आणि शेवटी माणूस आधीच टपून बसलेला असतो. म्हणून 100 मीटरला हातची वेळ इलेक्ट्रॉनिकशी ताडून बघताना 0.24 मिळवायची पद्धत आहे. तीस मीटरवर एवढी चूक म्हणजे अख्खा खेळाडूच बदलला. निवड चाचणीत माझ्या मुलीची वेळ तिघांनी घेतली, तीन आकडे आले, पहिल्या आणि तिसऱ्यात 0.3 चा फरक. घेतला कुठला? सर्वांत जास्त असलेला. का, तर ते साहेब वयाने मोठे. पोरगी एका जागेने राहिली. तेव्हापासून कुणी कोरडा आकडा फेकला की माझं डोकं फिरतं.

खिळे:
+1. आणि किरण तुटला की वेळ नोंदवणारे गेट असले तरी कुठे खरं असतं? पहिल्या गेटच्या अर्धा मीटर मागून निघा, एक मीटर मागून निघा, आकडा बदलतो. कुणी कमरेवर लावतो, कुणी छातीवर, हात आधी किरण तोडून जातो. आमच्या एका सरांनी सीझनच्या शेवटी सुरुवातीची रेघ मागे नेली आणि सगळ्या संघाची 'प्रगती' झाली.

शिट्टीवाला:
म्हणजे आता मी खोटारडा? सरळ म्हणा ना.

सेकंदकाटा:
खोटारडे नाही. अंगठा प्रेमळ आहे तुमचा.

डावखुरी:
अंगठ्यावरून उठा जरा.

चवडा, तुमच्या ट्रॅकवाल्यांनी मला दोन वर्षं गुडघे उचल, कंबर उंच, हात गालापर्यंत, हेच घोकवलं. मैदानावर उतरले तर मी पळत नव्हते, परेड करत होते. हॉकीत वाकून, स्टिक खाली, मान वळवून पळावं लागतं, आणि पळण्याइतकंच थांबावंही लागतं. पूर्ण वेगात येऊन तीन पावलांत थांबणं मला कुणी शिकवलं नाही. ते शिकले गुडघा सुजल्यावर. तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये थांबण्यावर एक ओळ नाही.

चवडा:
बरोबर, नाही लिहिलं. थांबण्यावर लिहायला हवं होतं, आणि ड्रिल्सची पूजा करणारे ट्रॅकवाले मलाही झेपत नाहीत. गुडघे उचलत उड्या मारायची स्किप सुंदर दिसते म्हणून कुणी वेगवान होत नाही.

पण मेटकाफवरून निष्कर्ष उलटा निघतो. खास ट्रॅकची तयारी करणाऱ्यांमध्ये उभं राहून 10.37! एवढा दणकट माणूस! वेग वेगळा असता तर ते जमलंच नसतं. आणि बॉब हेझला विसरलात. 1964 ला टोकियोत 100 मीटरचं सुवर्ण, पुढे एनएफएलच्या डॅलस काउबॉइज संघात रिसीव्हर, म्हणजे पुढे पळून पास झेलणारा. त्याच्यामुळे समोरच्यांना बचावाची पद्धत बदलावी लागली. त्याला कुणी 'चेंडू निघून गेल्यावर आलास' म्हणालं नाही.

शिट्टीवाला:
तुम्हाला एक हेझ सापडला. मला असे दहा सापडले जे चेंडूकडे न बघता कोपऱ्यातल्या झेंड्याकडे पळत सुटले.

निवृत्त मांडी:
मी सहसा वाचनमात्र असतो. पण शिट्टीवाला, तुमच्यासारखेच सर होते आमचे, आणि मी त्यांना अजून मानतो. आठवड्यातून दोनदा दहा फेऱ्या. पाच वर्षांत एकदाही सरावात पूर्ण वेगाला गेलो नाही, कारण दमलेल्या पायांनी तिथवर जाताच येत नाही.

सामन्याच्या ऐंशीव्या मिनिटाला प्रतिहल्ला, समोर मोकळं मैदान. पंचवीसेक मीटर पळालो आणि मांडीच्या मागे कुणीतरी दगड मारला असं वाटलं. खरंच मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, बहुतेकदा तिथेच जातो: पाय पुढे फेकलेला, जमिनीला लागायच्या बेतात, आणि स्नायू ताणलेला असताना त्याने पायाला आवरायचं असतं. हा ताण हळू पळताना येतच नाही. ज्या वेगाची मांडीला ओळख नाही तो थेट सामन्यात भेटला. चार महिने बाहेर, परत आलो, पुन्हा तीच मांडी. म्हणून हे नाव.

डावखुरी:
'मागे वळून पाहिलं' हे अगदी अगदी. मीही पाहिलं होतं.

शिट्टीवाला:
मांडी, वाईट वाटलं. माझ्याकडेही दोन वर्षांत तिघांच्या गेल्या. मी वॉर्मअपला दोष देत होतो.

बरं. मंगळवारी सरावाच्या आधी वीस मीटर रोलिंग सुरुवात, म्हणजे हळूहळू वेग घेत, आणि पुढचे वीस पूर्ण जोर, अशा चार धावा घेतो. मध्ये चार मिनिटं. तेवढा वेळ मी काय करायचं तेही सांगून ठेवा, शिट्टी चघळू? शिडी मात्र काढणार नाही, वॉर्मअपला ठेवणार. आणि शेवटच्या फेऱ्या चारवर आणतो, शून्यावर नाही. यापुढे एक इंचही सरकणार नाही.

चवडा:
चार चालतील. शिडीवर पोरांचं मन रमतं, ठेवा. पण तिला वेगाची शिडी म्हणू नका.

शिट्टीवाला:
म्हणणार.

(बुधवार)

शिट्टीवाला:
काल केलं. दुसऱ्या विश्रांतीत गोलकीपरने येऊन विचारलं, सर बरं नाही का तुम्हाला? पाय मात्र ताजे दिसले, सरावही नेहमीपेक्षा तिखट झाला. आता लगेच नाचू नका, एकच दिवस झालाय. विंगरने शेवटचे वीस 2.1 मध्ये काढले.

सेकंदकाटा:
कशावर मोजले?