मदत हवी आहे: किराणा दुकानातला माल कमी करावा का?

नमस्कार मंडळी,

कराडजवळच्या एका गावात आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता खरेदी आणि गल्ला माझ्याकडे. हायवेला मोठं मार्ट येतंय. भावात त्यांच्याशी बरोबरी होणार नाही, म्हणून वेगळी वाट शोधतेय.

अमेरिकेतल्या ट्रेडर जोज या किराणा दुकानांच्या साखळीबद्दल बरंच वाचलं. जो कूलोंब यांची कॅलिफोर्नियात प्रॉन्टो मार्केट्स नावाची छोटी दुकानं होती. सेव्हन-इलेव्हन ही छोट्या दुकानांची मोठी साखळी तिकडे येतेय म्हटल्यावर त्यांनी दुकानाचा अवतारच बदलला आणि १९६७ साली पॅसाडेनाला पहिलं ट्रेडर जोज उघडलं. तिकडच्या सुपरमार्केटात ३०,००० च्या आसपास वस्तू असतात, यांच्याकडे साधारण ४,०००. बहुतेक माल स्वतःच्या नावाने. सेल नाही, कूपन नाही, पॉइंटचं कार्ड नाही. फळीवर जागा द्यायचे कंपन्यांकडून पैसेही घेत नाहीत. १९७९ मध्ये जर्मनीतल्या आल्डी या स्वस्त किराणा साखळीच्या थिओ अल्ब्रेख्त यांनी ही साखळी विकत घेतली, तरी बाज तोच राहिला.

मला मनापासून पटलं ते खरेदीचं गणित. वस्तू मोजक्या, त्यामुळे एकेकीची खरेदी मोठी, भाव चांगला आणि माल ताजा.

आमच्याकडे नेमकं उलटं. सेल्समन येतो, डझनावर एक फ्री म्हणतो, माल उतरतो. मागच्या फळीवर क्रीमच्या बिस्किटांचे पुडे तारीख उलटेपर्यंत पडून. पैसा तिथं अडकतो आणि घरोघरी जाणारी तूरडाळ मात्र दोन-दोन पोती, चढ्या भावाने आणावी लागते.

अडचण अशी, की गिऱ्हाईक महिन्याची यादी घेऊन येतं. दोन वस्तू नाहीत म्हटलं की अख्खी यादी दुसरीकडे जाते. शिवाय सासरे म्हणतात, दुकान भरलेलं दिसलं पाहिजे, आणि त्यातही तथ्य आहे. मग काय काढायचं ते ठरवायचं कसं? गावातल्या बचत गटाकडून कांदा-लसूण मसाला करून घेऊन दुकानाच्या नावाने विकायचाही विचार आहे. कुणी केलंय का?

प्रतिसाद १
ताई, नुसता खप बघून काढू नका. जुन्या याद्या घेऊन बसा. जिथं कंपनीचं नाव लिहिलंय, ती वस्तू राहू द्या. जिथं नुसतं 'पोहे', 'रवा', 'भांड्याचा साबण' लिहिलंय, तिथं निवड तुमच्या हातात आहे. एकच चांगला ठेवा. मसाल्यासाठी आधी एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी करून घ्या. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख आणि पत्ता लागतोच.

धागाकर्ती
खूप आभार दादा! याद्या सगळ्या तारेला टोचून ठेवल्यात, आज रात्रीच काढते. एकच शंका: यादीत 'तूरडाळ' एवढंच असतं, पण काही घरं फटका, म्हणजे भारी प्रतीची डाळ नेतात, काही हलकी. फटका एकटीच ठेवली तर रोजावर जाणाऱ्या बायका तुटतील. डाळीचं काय करावं?