आयकियाच्या खणांच्या युनिटमधे टीव्हीच्या वायरी कशा लपवू?

पिंप्राळा_ताई

नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितेय. टीव्हीखाली सुताराकडून युनिट करून घ्यायचं चाललं होतं, पण दीर नवी मुंबईहून पुण्याला शिफ्ट झाले तेव्हा त्यांचं आयकियाचं कॅलॅक्स आम्हालाच देऊन टाकलं, टेम्पोत घालून आणलं आणि हॉलमधे आडवं टाकलं. आठ खण आहेत, लांबी साधारण १४७ सेंटिमीटर, उंची ७७, वर ४३ इंची टीव्ही आरामात बसला. दिसायला एकदम भारी.

आता वायरी. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, फायबरचा राउटर, साउंडबार, मुलाचा लॅपटॉप चार्जर, मोबाईलचे चार्जर, आणि भिंतीवर बोर्ड एकच, तोही डावीकडे कोपऱ्यात, त्यात दोन सॉकेट, एक इन्व्हर्टरवर आणि एक साधं. एक्स्टेन्शन बोर्ड सध्या फरशीवर पडलेला असतो, पोछा मारणारी बाई रोज तो उचलून बाजूला ठेवते आणि मला धडकी भरते. सासूबाई म्हणतात ही काय गारुड्याची पेटी उघडून ठेवली आहे हॉलमधे.

खालच्या चारपैकी दोन खणांना दारं बसवलीत, वाटलं होतं सगळा पसारा त्यात कोंबू. पण त्या दाराच्या डब्यांना मागूनही पाठ आहे, बाकीचे खण आरपार मोकळे आहेत तसे हे नाहीत. मग त्या पाठीला भोक पाडलं तर चालतं का, का चिरते ती? एक्स्टेन्शन बोर्ड दाराआड बंद ठेवला तर काही होतं का? आणि राउटर पण आत टाकायचा विचार आहे कारण त्याचे लाल हिरवे लाईट रात्री डोळ्यात येतात. कोणी असं केलं असेल तर नीट सांगा, घरात सुतारकाम कोणालाच येत नाही.

फर्निचरवाला_धुळे

ताई भोक बिनधास्त पाडा, पण कुठे पाडायचं ते आधी ऐका. दाराच्या डब्याला पाठ असते कारण हे युनिट खोलीच्या मधोमध पार्टिशनसारखं पण ठेवतात, मागून उघडं दिसू नये म्हणून. ती पाठ पातळ बोर्डाची, तिला भोक पाडलं तर काही बिघडत नाही. पण युनिटच्या मुख्य चौकटीला आणि मधल्या उभ्या-आडव्या फळ्यांना शक्यतो हात लावू नका. त्या आपल्या १८ एमएम प्लायसारख्या भरीव नसतात, वरून पातळ बोर्ड आणि आत कागदाची जाळी असते, म्हणून तर वजनाला हलकं आहे. त्यात स्क्रू मारून जड बोर्ड लटकवला की महिन्यात सैल होतो.

भोकाचा साईज. लोक सुताराला सांगतात आणि तो बिजागरीच्या वाटीचा ३५ एमएमचा बिट मारून मोकळा होतो, कारण तो त्याच्या पेटीत असतोच. ३५ मधून एचडीएमआय जातं, मोबाईलची पिन जाते, पण तीन पिनचा प्लग जात नाही, मग प्लग कापा, परत जोडा, नसता उद्योग. ६० एमएमचं होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लावा. ह्या मापाला हार्डवेअरमधे वायर मॅनेजर म्हणून प्लास्टिकची गोल टोपी मिळते, झाकण फिरवून वायरीपुरती फट ठेवता येते. ऑफिसच्या टेबलांना असते तीच.

पाडताना दोन्ही बाजूंनी कागदी टेप लावा, मागे लाकडाचा तुकडा घट्ट धरा, मधला पायलट बिट पलीकडे निघाला की थांबा आणि उरलेलं पलीकडून पाडा. नाहीतर बाहेर पडताना कड उडते. ड्रिल हळू चालवा, हातोडीचा मोड बंद. डबा बाहेर काढून करा म्हणजे भुसा युनिटमधे जाणार नाही. भोक खालून चार बोटं वर ठेवा, अगदी तळाला नको, वायरींना वळायला जागा लागते.

आणि युनिट भिंतीला एकदम चिकटवून ठेवलं असेल तर दोन-तीन इंच पुढे घ्या. आरपार खण असल्यामुळे मागची ती गल्लीच तुमचा वायरींचा रस्ता आहे. मात्र भिंतीला अडकवायची पट्टी काढू नका, अंतर ठेवूनही मधे लाकडी ठोकळा घालून पक्कं करता येतं. घरात पोरं चढतात.

कपाशीवाला_चोपडा

आमच्याकडे फुकटात काम झालं ते सांगतो. ठिबकची जुनी १६ एमएमची नळी घ्यायची, ब्लेडने लांबीत एकच चीर मारायची आणि सगळ्या वायरी त्यात दाबून भरायच्या. जिथून बाहेर काढायची तिथून काढता येते, काळी असल्यामुळे टीव्हीमागे दिसत बी नाही. तो स्पायरल का काय मिळतो त्याला पैसे कशाला घालवायचे, आपल्याकडे बांधाबांधावर नळी पडली आहे.

दुसरं म्हणजे उंदीर. गावाकडच्या घरात भाव येईपर्यंत कापूस घरातच भरलेला राहतो, त्यात उंदीर होणारच, आणि अशी मागची बंद अंधारी गल्ली म्हणजे त्यांना सोय. भोक उघडं सोडू नका. झाकणाची फट उरली तर भांडी घासायची स्टीलची जाळी कोंबा. ताई शहरात आहेत म्हणून गाफील राहू नका, जळगावात बी कमी नाहीत.

भुसावळ_वायरमन

कपाशीवाले भो, नळीची आयडिया डोक्याने भारी, पण अर्धीच वापरा. ठिबकची नळी पॉलिथिलीनची, पेट घेतला की मेणबत्तीगत थेंब थेंब गळत जळत राहते. वायरिंगची पीव्हीसी केसिंग पट्टी ज्योत काढली की विझते, म्हणून भिंतीवर ती मारतात. तेव्हा एचडीएमआय, साउंडबारची ऑडिओ वायर, मोबाईलची केबल ह्यांना नळी चालेल. २३० व्होल्टची एकही वायर त्यात नको. आणि शेतात खारी आणि उंदीर ह्याच नळ्या कुरतडतात हे तुम्हाला मी सांगायचं का!

ताई, आता तुमचं. माझी अख्खी नोकरी वायरिंगमधे गेली म्हणून थोडं लांबवतो. आधी लोडचा हिशोब करा. छोट्या सॉकेटचा बोर्ड ६ अँपिअरचा, २३० ने गुणलं की १३८० वॅट. तुमचा टीव्ही शंभरच्या आसपास, सेट टॉप बॉक्स आणि राउटर प्रत्येकी दहा-पंधरा, साउंडबार, चार्जर सगळं धरून तीनशे पण होणार नाही. म्हणजे लोडची भीती नाही. भीती ही की एकदा बोर्ड सोयीचा झाला की कोणीतरी त्यात हजार वॅटची इस्त्री लावतं, थंडीत पाणी तापवायचा रॉड लावतं, तो १५०० चा असतो. एमसीबी पडेल म्हणून बसू नका. सॉकेटच्या लाईनला १० किंवा १६ चा एमसीबी असतो, तो भिंतीतली वायर सांभाळतो, तुमच्या बोर्डाची बारीक वायर त्याच्या आधी गरम होते. बोर्डावर स्केचपेनने लिहून ठेवा, इस्त्री नाही.

दाराआड बोर्ड ठेवलेला चालतो, पण आपला खान्देशना उन्हाया माहीत शे ना. बहुतेक सेट टॉप बॉक्स, राउटर आणि अडॅप्टरच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं, हॉलच चाळीसला टेकतो, मग बंद डब्यात आणखी वर. अडॅप्टरच्या आत जे कॅपॅसिटर असतात त्यांचं आयुष्य दर १० अंशाला साधारण निम्मं होत जातं, म्हणून उन्हाळा संपता संपता अडॅप्टर मरतात आणि लोक व्होल्टेजला शिव्या देतात. त्यामुळे दाराआड नुसता बोर्ड आणि चार्जर ठेवा, सेट टॉप बॉक्स मोकळ्या खणात. तसंही दार बंद असलं तर रिमोट चालणार नाही. पाठीला खाली एक भोक तसं वर कोपऱ्यात पण एक पाडा, गरम हवा वरून निघते, खालून थंड येते.

जास्तीची वायर घट्ट गुंडाळून केबल टाय आवळू नका. गुंडाळीत उष्णता अडकते. पाच मीटरचा बोर्ड आणून साडेतीन मीटर गुंडाळण्यापेक्षा दीड मीटरचा आणा. उरलं तर सैल आठच्या आकड्यात ठेवा, वेल्क्रो पट्टी लावा. टाय एकदा लावला की कापताना वायरच कापली जाते.

दोन सॉकेटचं पण नीट करा. इन्व्हर्टरच्या सॉकेटवर वेगळा बोर्ड, त्यावर फक्त राउटर, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स. साध्यावर दुसरा, साउंडबार आणि चार्जर. दोन्ही बोर्ड सारखे दिसत असतील तर एकाला लाल टेप. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, अर्थिंग नसेल तर स्पाईक गार्ड (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा एक्स्टेन्शन बोर्ड) अर्धंच काम करतो.

रावेर_नेटवाला

राउटर दाराआड नको ना भो प्लीज. कंप्लेंट यायला लागतात, नेट स्लो नेट स्लो, जाऊन बघावं तर राउटर कपाटात, समोर टीव्ही, बाजूला स्टीलचे डबे. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीतच दम सोडतो, जुन्या धाब्याच्या घरात तर दुसऱ्या खोलीत येत बी नाही. वरच्या मोकळ्या खणात किंवा युनिटवर एका कडेला ठेवा, टीव्हीच्या मागे नको. लाईट डोळ्यात येतो तर त्यावर काळ्या टेपचा तुकडा लावा, संपलं. हवा जायच्या जाळीवर मात्र टेप नको.

फायबरची बारीक वायर बाकीच्या जुडग्यात बांधू नका. आत काच असते, तीन सेंटिमीटरपेक्षा कमी गोलाईत वळली की सिग्नल पडतो, टाय आवळला तरी पडतो. तिला वेगळा सैल रस्ता द्या. हिरव्या टोकाची पिन स्वतः काढू नका, धूळ बसते. युनिट पुढे ओढताना आधी तिच्याकडे बघा, तिथेच तुटतात.

पिंप्राळा_ताई

बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. राउटर बाहेर काढला, मुलगा खूष आहे. वायरमन काका, एक राहिलं सांगायचं. उन्हाळ्यात कूलर त्याच कोपऱ्यातल्या खिडकीत लावतो, म्हणजे बोर्डाच्या अगदी वर. त्याने काही फरक पडतो का? आणि पोछ्याचं काय, बोर्ड फरशीवरून उचलून लावू कुठे, स्क्रू तर नको म्हणताय.

भुसावळ_वायरमन

पडतो ना. कूलरचं पाणी ठिबकतं, शिवाय ओली हवा सरळ प्लगवर येते, आणि ह्या युनिटच्या फळीला ओल लागली की ती फुगते, परत बसत नाही. कूलर दुसऱ्या खिडकीत जात असेल तर न्या. नसेल तर डाव्या टोकाचा खण रिकामा ठेवा, बोर्ड उजवीकडच्या दाराच्या डब्यात घ्या. अशा वेळी दीड मीटर पुरणार नाही, मोजून अडीच-तीनचा घ्या. आणि भिंतीपासून युनिटच्या मागून केसिंग पट्टी मारत आणा, फरशीपासून चार-पाच इंच वर. भिंतीत प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू पकडणारी नळी) घालून स्क्रू मारा, भिंतीला चालतो, युनिटला नको. कूलरची वायर ह्या बोर्डात लावू नका, त्याला भिंतीवरचं दुसरं सॉकेट बघा.

फर्निचरवाला_धुळे

बोर्ड डब्याच्या तळाला नुसता ठेवला तरी पुरतं, फरशीपासून वर आहेच ना तो. सरकतो म्हणून जाड वेल्क्रोचे दोन तुकडे चिकटवा. चिकटवायच्या आधी तो भाग कोरड्या फडक्याने पुसा, धुळीवर काहीच टिकत नाही.

होल सॉ विकत घेऊ नका, तुमच्या भागातल्या एसी फिटिंगवाल्याकडे किंवा ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे असतो, दोन भोकांचे फार पैसे घेणार नाही.

पिंप्राळा_ताई

एसीवाला उद्या येतो म्हणाला. हार्डवेअरमधे ६० चा वायर मॅनेजर पांढरा नाही, तपकिरी आहे म्हणे. युनिट पांढरं आहे. चालेल का?

फर्निचरवाला_धुळे

मागच्या बाजूला भिंत सोडून कोण बघतंय ताई, घ्या तपकिरी.