नॉर्थ कॅरोलायना: न्यायाधीशाची पात्रता कशी तपासायची? मदत हवी आहे

आमच्या काउंटीतल्या डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या एक न्यायाधीश यंदा राज्याच्या कोर्ट ऑफ अपील्ससाठी (अपील न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी) निवडणुकीला उभ्या आहेत. मुदत 8 वर्षांची, म्हणून नुसतं पक्षाचं नाव बघून मत द्यायला मन तयार नाही. (पक्ष कोणता हे मुद्दाम लिहीत नाही, कृपया चर्चा तिकडे नेऊ नका.)

कायद्याने वकिलीची सनद लागते, ती दोन्ही उमेदवारांकडे आहे. मतदार पुस्तिका आणि दोघांच्या वेबसाइट वाचून झाल्या, पण त्यात पदव्या आणि पाठिंब्यांपलीकडे काही नाही.

अडचण अशी: डिस्ट्रिक्ट कोर्टात घटस्फोट, मुलांचा ताबा, किरकोळ गुन्हे असे खटले चालतात. अपील्समध्ये मात्र तिघांच्या पीठात बसून कायद्याच्या चुका तपासायच्या आणि निकालपत्र लिहायचं. काम अगदी वेगळं आहे. म्हणून अपील्सच्या ऑनलाइन निकालांत त्यांचं नाव शोधलं. काही आदेश कायम झालेत, काही फिरवलेत. पण अपिलात जाणारे खटले मुळात थोडेच, त्यामुळे टक्केवारी काढून उपयोग नाही असं वाटतं.

इथे वकिली करणाऱ्यांना विचारायचंय: फिरवलेल्या आदेशांत नेमकं काय वाचावं, म्हणजे कायद्याची समज कच्ची आहे की मुद्दाच वादाचा होता, हे माझ्यासारख्या सामान्य मतदाराला ओळखता येईल?