ब्रॉटी फेरी ते आर्ब्रोथ: रेल्वे फाटकांचे फोटो कुठून, कधी काढावेत?

फाटकवाल्याचा_पोरगा विचारतो:

नमस्कार मंडळी. कामानिमित्त वर्षभर स्कॉटलंडमध्ये डंडीत आहे. वडील दौंड-मनमाड लाईनवर गेटमन होते, बावीस वर्षं एकाच फाटकावर. स्टेशन मास्तरचा फोन यायचा, प्रायव्हेट नंबर (खात्रीसाठी दिलेला गुप्त आकडा) वहीत लिहायचा, मग फाटक लावायचं. आमची शाळेची सुट्टी त्या फाटकाजवळच्या गुमटीतच, म्हणजे गेटमनच्या खोलीतच जायची. आता दर रविवारी फोनवर एकच प्रश्न असतो, "तिकडची फाटकं कशी असतात रे?" म्हणून जानेवारीत त्यांच्या पंचाहत्तरीला या किनाऱ्यावरच्या फाटकांचे आणि आसपासच्या जुन्या वास्तूंचे दहा-बारा मोठे प्रिंट पाठवायचे ठरवलंय.

गेल्या शनिवारी डंडीजवळच्या ब्रॉटी फेरी गावात ग्रे स्ट्रीटच्या फाटकावर दोन तास उभा होतो. सगळे फोटो फसले. एकात गाडी काळी आली, एकात दांडा अर्धाच खाली, आणि लाल दिवे तर कुठे विझलेलेच दिसतात! शिवाय तिथला किल्ला आणि गाडी एका फ्रेममध्ये येईना. साधा क्रॉप सेन्सर कॅमेरा आहे, १८-५५ आणि ५५-२५० लेन्स. कुठे उभा राहू?

टेकाठची:

अहो, किल्ला आणि गाडी एकत्र आणायचा हट्ट आधी सोडा. ब्रॉटी किल्ला बंदरात पाण्याला लागून, स्टेशन वर गावात. मी सोळा वर्षं इथे आहे, मला अजून जमलेलं नाही. किल्ल्याचा वेगळा काढा, भरतीच्या वेळी, बंदरातल्या होड्यांसकट. पंधराव्या शतकाच्या शेवटचा आहे, आणि १५४७ ते १५५० इंग्रजांच्या ताब्यात होता हे वडिलांना सांगा. किल्ला कोणी घेतला, कोणी सोडला हे ऐकायला आपल्याकडच्या माणसाला आवडतंच.

आता ऊन. इथे डिसेंबरात सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो, आणि दक्षिणेला, म्हणजे पाण्याच्या बाजूला राहतो. तुम्ही बहुतेक गावाच्या बाजूने पाण्याकडे तोंड करून काढलेत, म्हणून गाडी काळी. फाटक ओलांडून पाण्याच्या बाजूला या, ऊन पाठीशी घ्या. सकाळी डंडीहून आर्ब्रोथकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन पडतं, दुपारी उलट. साडेतीनला अंधारतं, तेव्हा जेवण लवकर उरका.

दिव्यांचं सोपं आहे. आधी पिवळा स्थिर लागतो, मग दोन लाल आळीपाळीने लुकलुकतात. एका वेळी एकच पेटलेला असतो, म्हणून दुसरा विझलेला दिसतो. संध्याकाळी ट्रायपॉड फुटपाथवर लावून एक सेकंदाचं एक्सपोजर द्या, म्हणजे शटर सेकंदभर उघडं ठेवा. दोन्ही दिवे येतील आणि गाडीची नुसती रेघ उमटेल. पण लोकांच्या वाटेत उभे राहू नका, आणि सायरन वाजल्यावर "अजून एक" म्हणत फाटकात तर मुळीच नको. रुळांवर पाऊल टाकलं तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. प्लॅटफॉर्मवर फ्लॅशही मारू नका.

ब्रॉडगेज_बापू:

फोटोतलं मला कळत नाही, पण वडिलांसाठी एक गोष्ट देतो. ही डंडी-आर्ब्रोथ लाईन १८३८ साली सुरू झाली, ती साडेपाच फुटी गेजवर (दोन रुळांमधलं अंतर)! म्हणजे १६७६ मिलिमीटर, त्यांनी बावीस वर्षं सांभाळलं तेच माप. दहाएक वर्षांतच इथे बदलून इंग्लंडचं नेहमीचं चार फूट साडेआठ इंची केलं. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची. साडेपाच फुटांचा निर्णय डलहौसीच्या काळातला, आणि डलहौसीही स्कॉटिशच. पण म्हणून आर्ब्रोथवरून आपलं माप ठरलं असं कुणी व्हॉट्सॲपवर फिरवू नका, तसं काही नाही. जुळून आलंय एवढंच.

दुसरं, वडिलांना फोटोत तारा दिसणार नाहीत. डंडी-ॲबर्डीन पट्टा अजून डिझेलवर आहे. आपल्याकडे आता खांब आणि तारांशिवाय गाडीचा फोटो मिळतो का सांगा!

मालवणी_मासा:

आर्ब्रोथ सोडू नकोस रे. मठाचे लाल दगडाचे अवशेष स्टेशनपासून पायी जाण्यासारखे आहेत. ११७८ सालचा मठ. १३२० मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं पत्र पोपला गेलं, त्याच्याशी याचं नाव जोडलंय. वरची गोल खिडकी बघ. तिथे पूर्वी खलाशांसाठी दिवा लावायचे.

आणि बंदरावरचा सिग्नल टॉवर तर तुझ्या बाबांसाठीच बांधलाय म्हण. बेल रॉकचं दीपगृह समुद्रात अठराएक किलोमीटर आत, १८११ पासून पेटतंय. त्याच्याशी या टॉवरवरून खुणांनी बोलायचे. दीपगृहावरच्या माणसाला मुलगा झाला तर विजार वर चढवायची आणि मुलगी झाली तर परकर, असं म्हणतात. बावटा दाखवणारा माणूस हे ऐकून हसेल की नाही? जाताजाता स्मोकी खा. हॅडॉक शेपटीला जोडीने बांधून लाकडाच्या धुरात करतात. सुक्या बांगड्याची सर नाही, पण गरम असताना बरा लागतो.

फाटकवाल्याचा_पोरगा:

पाच आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. अकरा प्रिंट झाले आणि पोचलेही.

टेकाठच्या ताई, पाण्याच्या बाजूने काढल्यावर जादूच झाली. दांड्याची सावली रस्ताभर लांब पडलेली, एक आजीबाई कुत्र्याला घेऊन थांबलेल्या (पाठमोऱ्या, चेहरा नाही) आणि मागे निळी गाडी. एक सेकंदाचा फोटो मात्र तीनदा हलला, चौथा बरा आला. आर्ब्रोथला ढग होते, त्यामुळे मठाचा दगड ओला विटकरी दिसतो. मला तोच जास्त आवडला. बेल रॉक दिसलं नाही. बापू, गेजची गोष्ट ऐकून बाबांनी दोन दिवस सगळ्या गल्लीला सांगितलं, आणि आर्ब्रोथवरूनच आपण माप घेतलं असंच सांगितलं. आवरलं नाही.

व्हिडिओ कॉलवर प्रिंट एकेक करून डोळ्यांजवळ धरत होते. किल्ला बाजूला ठेवला, मठ बाजूला ठेवला. ग्रे स्ट्रीटच्या फोटोपाशी थांबले. "गुमटी कुठाय?" म्हटलं, इथे माणूस बसत नाही, बरीच फाटकं लांबच्या केबिनमधून कॅमेऱ्यात बघून चालवतात. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि गुरं आली तर?"

मी म्हटलं, इथे गुरं येत नाहीत, कुत्री येतात, तीही साखळीला. त्यांना ते पटलं नाही. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा फोटो घेतला आणि विचारलं, "ही कितीची गाडी?" मी कॅमेऱ्यात वेळ बघून सांगितली: १२:४१. त्यांनी प्रिंटच्या मागे पेनाने लिहून घेतली.