शब्बाथ शाळा दरवर्षी कॉलेजच्या पोरांच्याच गळ्यात का?

कसबेकरीण :
सलाम मंडळी. आमच्या चर्चची वार्षिक सभा तोंडावर आली आहे, म्हणून हा धागा आत्ताच काढते. शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवण्याचं काम, कुणी बघायचं हा विषय अजेंड्यावर नेहमी शेवटून दुसरा असतो, चहाच्या आधी. तोवर निम्मे लोक उठलेले असतात आणि उरलेल्यांचं लक्ष सामोशाच्या वासाकडे. मग कुणीतरी म्हणतं, "यंदा तरुण संघानं बघावं." टाळ्या पडतात आणि विषय संपतो. जबाबदारी येते एफ.वाय., एस.वाय.च्या एखाद्या मुलीवर. ती मनापासून करते, यात वाद नाही. पण ऐन नाताळच्या तयारीत तिच्या सेमिस्टरच्या परीक्षा येतात आणि मे महिन्यात ती नोकरीसाठी बंगळूरला जाते. जूनमध्ये पुन्हा नवी ताई, पुन्हा नोहाच्या तारवापासून सुरुवात. आमच्या मुलांना नोहा पाठ झालाय. यिर्मया संदेष्टा कोण होता, हे मात्र एकालाही सांगता येत नाही.

मध्यंतरी एका वर्गात मागे जाऊन बसले. मी शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे डोळा तसाच. एका कोपऱ्यात तीनेक वर्षांची पोरगी सँडलचा पट्टा चघळत होती, दुसऱ्या टोकाला नववीतला मुलगा भिंतीला टेकून उभा होता. दोघांना गोष्ट एकच, दावीद आणि गल्याथ. कापडी चित्रं चिकटवायच्या फ्लॅनेल बोर्डावरच्या गल्याथाचा एक पाय कधीच गळून पडलाय. मुलानं विचारलं, "दावीदानं नंतर त्याचं डोकं कापलं ना? ते देवाला चाललं?" प्रश्न फार चांगला होता. पण ताई गांगरली आणि म्हणाली, "चला, आता ॲक्शन साँग." तो मुलगा हल्ली उपासनेच्या वेळात बाहेर बाबांच्या स्कूटरवर बसलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच : प्रमुख हा जाणता, संसारी माणूस असावा, निदान तीन वर्षांसाठी नेमावा, आणि तरुणांनी त्याच्या हाताखाली काम शिकावं. पाळकसाहेबांच्या (आमच्या धर्मगुरूंच्या) खालोखाल जड काम हेच आहे आणि आपण ते सगळ्यात कोवळ्या खांद्यावर टाकतो. काय वाटतं?

गिटारवाला दादा :
अजिबात पटलं नाही, ताई. आम्ही लहान असताना एक काकू अनेक वर्षं प्रमुख होत्या. शिस्त जबरदस्त. वचन पाठ नसेल तर उभं करायच्या. त्या बॅचमधले आज किती जण चर्चला येतात ते बघा, म्हणजे अनुभवाचं काय करायचं ते कळेल. पोरांना दादा-ताई लागतात, ज्यांच्यासारखं व्हावंसं वाटतं असे. मे महिन्यातल्या व्ही.बी.एस.ला, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेला, हॉल भरतो तो कुणामुळे? आदल्या आठवड्यात वस्तीत घरोघर जाऊन "काकू, पाठवा ना पोरांना, सरबत पण आहे" असं सांगत आम्हीच फिरतो, चाळीस डिग्रीत. जाणती, संसारी माणसं तेव्हा महाबळेश्वरला असतात.

आणि बायबलमध्ये प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, काय लिहिलं? कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये. १ तीमथ्य ४:१२.

खडकी जंक्शन :
त्याच पत्रात एक पान मागे जा, दादा. ३:६. तो नवशिका नसावा.

गिटारवाला दादा :
ते मंडळीच्या अध्यक्षाबद्दल आहे, शिक्षकाबद्दल नाही!

खडकी जंक्शन :
मग मुलांना शिकवणारा नवशिका चालतो, असं पौल कुठे म्हणतो? 😀

बाकावरची आजी :
तीमथ्याचं नाव काढलंच आहे तर पूर्ण काढा. त्याला विश्वास मिळाला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. तिथे ना शब्बाथ शाळा होती, ना प्रमुख, ना कमिटी. आमच्या घरी दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. वडील 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एक गीत धरायचे, आम्ही भावंडं पेंगत पेंगत म्हणायचो. आता संध्याकाळी सात वाजता घरोघर काय चालू असतं ते सांगायला नको. आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास मूल तुमच्याकडे, त्यातला एक तास चर्चकडे, आणि वीस वर्षांनी पोरगं देवापासून लांब गेलं की दोष त्या एका तासाचा. प्रमुख पंचवीस वर्षांचा ठेवा नाहीतर पंच्याहत्तरचा, काही फरक पडायचा नाही.

धानोरीची आई :
आजी, मान देऊन सांगते. नवरा हिंजवडीला, मी विमाननगरला. दोघं घरी पोचतो तेव्हा मूल जेवून झोपायच्या बेतात असतं. आम्ही प्रार्थना करतो, पण ती दोन मिनिटांची. घरानंच करावं हे खरं, पण घरंच बदललीत. मला चर्चची मदत हवी आहे आणि ती मागताना अपराधी वाटून घ्यायची माझी तयारी नाही.

मात्र माझा प्रश्न कसबेकरीणताईंना वेगळाच आहे. उपदेशाच्या आधी "मुलांनी आता वर्गात जावं" असं सांगून त्यांना बाहेर काढायचंच कशाला? सगळी मोठी माणसं आत, मुलं मागच्या हॉलमध्ये, शेजारी महिला मंडळाच्या चहाची भांडी वाजतायत. चौदाव्या वर्षापर्यंत हे केल्यावर पंधराव्या वर्षी त्यांनी एकदम बाकावर गप्प बसावं, ही अपेक्षा तरी कशी करायची?

कसबेकरीण :
धानोरीच्या ताई, अर्धं मान्य. महिन्यातून एक रविवार सगळ्यांनी एकत्र बसावं आणि त्या दिवशी उपदेश पंधरा मिनिटांत आटपावा, हे मी आनंदानं सुचवीन. पण दर रविवारी पाच वर्षांच्या पोराला पाऊण तास बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरच्या उपदेशाला बसवणं म्हणजे त्याला चर्चचा कंटाळा शिकवणं. वर्गात माझी काय चिडचिड होते ती वर्गामुळे नाही, तीन ते चौदाचा एकच वर्ग असल्यामुळे होते. शाळेत असं केलं तर पालक मोर्चा आणतील.

हिशेबनीस :
मी कमिटीवर आहे (कुठल्या चर्चच्या ते विचारू नका). वर्ग तीन करा, प्रमुख नेमा, साहित्य घ्या, सगळं बोलायला छान आहे. छप्पर गळतंय, वीजबिल वाढलंय, पाळकसाहेबांचा पगार वेळेवर देताना नाकी नऊ येतात. मुलांचं काम ही सेवा आहे. सेवेला मानधन लावलं की पुढच्या वर्षी कॉयर (गाणारा संघ) मागेल, मग फुलं मांडणाऱ्या भगिनी मागतील. रविवारची शाळा जगभर फुकट काम करणाऱ्यांनीच उभी केली.

खडकी जंक्शन :
हिशेबनीस काका, सुरुवात उलटी आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात १७८० साली रॉबर्ट रेक्सनं ही चळवळ सुरू केली. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या पोरांना रविवारी वाचायला शिकवायचं, असा बेत. त्यानं चार बायका ठरवल्या आणि प्रत्येकीला दिवसाचा एक शिलिंग दिला. फुकटची प्रथा मागून आली. मानधन द्याच असं मी म्हणत नाही, पण बायबलमध्ये लिहिल्यासारखं फुकटचं कौतुक नको.

बाकी पैशाचं म्हणाल तर चर्चच्या कापणीच्या सणाला अर्पणांच्या लिलावात एका कोहळ्यावर दोन भाऊ इरेला पेटून बोली चढवतात, ती रक्कम ऐकून भाजीवाला चक्कर येऊन पडेल. त्यातून रंगपेट्या येणार नाहीत?

हिशेबनीस :
कोहळ्याच्या पैशातूनच छप्पर होतंय, साहेब.

पंचहौदचा शेजारी :
मी कॅथलिक, त्यामुळे पाहुणा समजा. आमच्याकडे कॅटेकिझमला, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाला, पायऱ्या असतात. पहिल्या कम्युनियनची (प्रभुभोजनाची) तयारी, मग दृढीकरणाची (कन्फर्मेशनची), इयत्तेप्रमाणे वर्ग आणि ठरलेली पुस्तकं. ताई बदलली तरी पुस्तक बदलत नाही, म्हणून नोहा दरवर्षी परत येत नाही. तुमचा वाद माणसाच्या वयाचा चाललाय, मला अडचण अभ्यासक्रमाची दिसते. अर्थात आमच्याकडेही दृढीकरण झालं की पोरं पास झाल्यासारखी गायब होतात, तेव्हा फार हुरळून जाऊ नका.

गिटारवाला दादा :
हे बरोबर बोललात. आम्हाला कुणी अभ्यासक्रम दिलाय कधी? मार्चमध्ये कुणीतरी परदेशी व्ही.बी.एस. किटची पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकतं. एका वर्षी थीम बर्फाची होती. पेंग्विन, इग्लू, मफलर. पुण्यात, मे महिन्यात! कापसाचा बर्फ भिंतीला चिकटवला, घामानं आमच्या हाताला चिकटला. मुलांना मजा आली हेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसती तक्रार करतो.

बाकावरची आजी :
अमेरिकन मराठी मिशननं १८७३ साली मुलांसाठी 'बालबोधमेवा' नावाचं मासिक काढलं होतं, मराठीतून. आणि आज आपण पोरांना पेंग्विन दाखवतो.

धानोरीची आई :
आजी, माझ्या मुलाला देवनागरी अडखळत येते, तो बालबोधमेवा कसा वाचणार? आमच्याकडे ताई गोष्ट मराठीत सांगते आणि वचन दोन्ही भाषांत फळ्यावर लिहिते. चालतं तसं. ह्यावरून भांडायची गरज नाही.

वानवडीकर :
बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे बायबलचं शिक्षण देणारं कॉलेज, आहे, १९८३ पासून पुण्यात. तिथले विद्यार्थी शिकलेले असतात. त्यांनाच बोलवा की.

कसबेकरीण :
बोलवावं, जरूर. पण त्यातले बरेच दुसऱ्या राज्यांतले. कोर्स संपला की परत जातात, म्हणजे पुन्हा तीच बंगळूरची गाडी. त्यांनी शिक्षकांना शिकवावं. मुलांना मात्र ओळखीचं, उद्याही दिसणारं माणूस हवं. एखादं मूल चार रविवार आलं नाही तर त्याच्या घरी कोण जाणार? हे काम कुठल्याही पुस्तकात नसतं आणि पाहुण्याला जमत नाही.

दादा, तुमच्यावर रोख नाही. पेंग्विन चिकटवणारे हात हवेतच. पण आजारी मुलाचं घर गाठायला, आईबापांशी अवघड बोलायला, कमिटीत हिशेबनीसांशी भांडायला वीस वर्षांच्या मुलीला उभं करणं हा तिच्यावर अन्याय आहे. आणखी एक गोष्ट कुणी काढली नाही, म्हणून मीच काढते. आमच्या वर्गात कित्येकदा एकटी ताई किंवा एकटा दादा असतो. दार लावलेलं. प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं किंवा काचेचं हवं, आणि लहान मुलांना बाथरूमला नेण्याचा नियम ठरलेला हवा.

हिशेबनीस :
आता हे फारच झालं. चर्च हे कुटुंब आहे. आपल्याच पोरांवर असा संशय घ्यायचा?

कसबेकरीण :
कुटुंबात असं काही घडत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला? शाळेत आम्हाला हे प्रशिक्षण मिळालंय, त्यामुळे स्पष्ट लिहिते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असलं, किंवा तो होण्याची शक्यता असल्याची नुसती धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवावंच लागतं. हे प्रत्येकाला लागू आहे, चर्च कमिटीलाही. माहीत असून कळवलं नाही तर कलम २१ खाली तो स्वतंत्र गुन्हा. "आपसात मिटवू" हा पर्यायच कायद्यानं ठेवलेला नाही. हे एफ.वाय.च्या मुलीला कुणी सांगितलंय? तिच्यावर उद्या खोटा आळ आला तर तिच्या बाजूनं साक्ष द्यायला दुसरं कोण असेल वर्गात? दोन माणसांचा नियम मुलांइतकाच तिच्यासाठीही आहे.

गिटारवाला दादा :
हे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. दोन वर्षं वर्ग घेतला मी. दोन माणसांच्या नियमाला माझा पाठिंबा, बिनशर्त.

पण तीन वर्षांच्या प्रमुखाला अजूनही विरोध. एकदा माणूस खुर्चीत बसला की उठत नाही, हे आपल्या सगळ्या मंडळ्यांचं दुखणं आहे. त्या काकूही सुरुवातीला एका वर्षासाठीच आल्या होत्या.

खडकी जंक्शन :
मग ठरावातच लिहा : तीन वर्षं, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा नाही. सोबत उपप्रमुख तरुण संघाचा, पुढचा प्रमुख तयार करण्यासाठी.

बाकावरची आजी :
आणि घरच्या प्रार्थनेचा ठराव कोण मांडणार?

धानोरीची आई :
आजी, तो तुम्हीच मांडा. पण दोन मिनिटांची चालेल असं लिहा. 🙏

हिशेबनीस :
ठराव मांडायला माझी हरकत नाही, पण सूचक आणि अनुमोदक दोघंही मेंबरशिपची वर्गणी भरलेले हवेत. यादी माझ्याकडे आहे. दादा, तुमची दोन वर्षांची बाकी आहे.

गिटारवाला दादा :
रविवारी भरतो. रोख चालेल की जीपे?