जुन्या युद्धनौकेचं नाव नव्या नौकेला: वारसा की पुसापुशी?

भाऊचा_धक्का
भाच्याला शाळेत विक्रांतवर दहा ओळी लिहायच्या होत्या. त्याने लिहिलं, "विक्रांत ही भारतात बांधलेली विमानवाहू नौका असून तिने १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवला." वाक्याचा पुढचा अर्धा खरा, मागचा अर्धाही खरा. जोडले की थाप!

१९७१ ची विक्रांत म्हणजे इंग्लंडात टाईन नदीकाठी अर्धवट बांधून पडलेली 'हर्क्युलिस'. आपण ती १९५७ मध्ये घेतली आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये ती नौदलात आली. तिच्याच सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले. कोचीत बांधलेली विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ची. नाव तेच, ब्रीदवाक्य तेच, बाजूला रंगवलेला क्रमांकही तोच, आर-११. पोराने गोंधळायचं नाही तर काय करायचं?

माझं म्हणणं, नाव पुन्हा वापरणं हा स्वस्तातला सन्मान आहे. जुनी विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शाळेच्या सहलीत मी ती पाहिली आहे. मग सुमारे ६० कोटींना भंगारात विकली आणि मुंबईतल्याच दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात तिथे, कापली. नाव तेवढं जपलं. नव्या नौकेला नवं नाव द्या, तिचा इतिहास तिला घडवू दे.

सुकाणू
साफ असहमत. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्याने आजोबा पुसले जातात का? उलट बारशापासून पोराला विचारत राहतात, "कुणाचं नाव आहे रे?"

आणि हे वरून लादलेलंच असतं असंही नाही. अमेरिकेची 'लेक्सिंग्टन' ८ मे १९४२ ला कोरल समुद्रात बुडाली. ती मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या गोदीत बांधलेली. त्याच गोदीत तेव्हा 'कॅबट' नावाची दुसरी विमानवाहू तयार होत होती. कामगारांनीच मागणी केली की हिचं नाव बदलून लेक्सिंग्टन करा. तसं झालं. पुढे जपान्यांनी ती बुडवल्याच्या बातम्या वारंवार दिल्या आणि ती आपली दरवेळी हजर! भूत म्हणायचे तिला.

भाऊचा_धक्का
पण ती दुसरी लेक्सिंग्टन आज टेक्सासमध्ये संग्रहालय म्हणून उभी आहे, हे राहिलं तुमचं. आजोबांचं नाव नातवाला जरूर ठेवा, पण आजोबांचा फोटो भिंतीवरून काढून रद्दीत घालू नका. आपल्या आजोबांच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलच्या टाकीत गेला.

बावटा
विक्रांत सोडा, आपली युद्धनौका 'खुकरी' घ्या. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने टॉर्पेडो मारून ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत.

दर्यावरची माणसं शकुन-अपशकुन मानतात. बुडालेल्या बोटीचं नाव नव्या बोटीला कोण देईल? नौदलाने दिलं. माझगाव डॉकमध्ये बांधलेली दुसरी खुकरी १९८९ मध्ये आली. पहिलीचा क्रमांक एफ-१४९ होता, हिचा पी-४९. ते '४९' आपसूक आलं असेल असं मला वाटत नाही. त्या जहाजावर रुजू होणाऱ्या पोराला पहिल्या दिवसापासून कळणार की हे नाव कुठून आलं. ही दुसरी डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि भंगारात न जाता दीवला गेली, जिथे पहिलीचं स्मारक आहे. आता बोला.

भाऊचा_धक्का
खुकरीपुढे मी गप्प. फक्त विक्रांतच्या वाट्याला हे का आलं नाही, तेवढं विचारतो.

चष्मिष्ट
मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. 'तलवार' शोधून पाहा. आधी रशियात बांधलेली, २००३ ची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, दिसेल. थोडं मागे गेलात तर त्याच नावाची जुनी ब्रिटिश बनावटीची फ्रिगेट. पण १८ फेब्रुवारी १९४६ ला नाविकांचा उठाव जिथे सुरू झाला ती 'तलवार' जहाज नव्हतीच, कुलाब्यातलं संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र होतं! भल्याभल्यांना वाटतं की उठाव 'तलवार नावाच्या बोटीवर' झाला. एकच नाव तिघांना दिलं की सगळ्यात अडचणीचा इतिहास तळाशी जातो. मुद्दाम केलं असं नाही म्हणत. पण सोयीचं झालं खरं.

सुकाणू
हा मुद्दा चांगला आहे, मान्य. तरी गोंधळाचा दोष नावाचा नाही, न शिकवण्याचा आहे. नावात किती जीव असतो ते हिटलरला विचारा. 'डॉइचलँड' युद्धनौका बुडाली तर 'जर्मनी बुडाली' असा मथळा होईल, या भीतीने त्याने तिचं नाव बदलून 'ल्युट्झो' केलं. इंग्रजांचं उलट. त्यांची 'प्रिन्स ऑफ वेल्स' जपानी विमानांनी १० डिसेंबर १९४१ ला बुडवली, आणि त्याच नावाची नवी विमानवाहू त्यांनी नौदलात घेतली ती १० डिसेंबर २०१९ ला. तारीख लपवली नाही, मुद्दाम तीच धरली.

थळकर
आमच्या खांदेरीवर कुणी बोललंच नाही! त्या नावाची पहिली पाणबुडी १९६८ ची सोव्हिएत, दुसरी २०१९ ची माझगावची. पण मूळ नाव दोघींचंही नाही, ते थळसमोरच्या किल्ल्याचं. शिवछत्रपतींनी तो बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांच्याही पोटात दुखलं होतं. तेव्हा कुणी कुणाचं नाव घेतलं हा वाद खांदेरीला लागू नाही. पाणबुड्या येतील नि जातील, किल्ला आहे तिथेच आहे. फक्त डागडुजीचं बघा कुणीतरी.

बावटा
जाता जाता, पाकिस्ताननेही नव्या पाणबुडीला 'हंगोर' नाव दिलंय. एप्रिल २०२४ मध्ये चीनमध्ये तिचं जलावतरण झालं. जुनी कराचीच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

भाऊचा_धक्का
म्हणजे त्यांनी नावही ठेवलं आणि बोटही! ठीक, मी एक पायरी खाली येतो. नाव द्या, पण क्रमांक तरी वेगळा ठेवा. आणि भाच्याला दहापैकी आठ मिळाले. बाईंनी विक्रांतमधला 'क्रां' सुधारलाय, ते वाक्य तसंच आहे.